सरांची स्ट्रॉबेरी आणि चावीवाला बारक्या

तलासरीच्या पूर्वेला रस्ता डोंगराच्या अंगावर चढायला लागतो, तिथे एक आश्रमशाळा आहे. त्या शाळेत दोन बारक्या होते आणि दोघांचंही आडनाव वरठा. एक रांधायचा, दुसऱ्याकडे चाव्या असायच्या. पाड्यावर या गोष्टीचा कुणालाच त्रास नव्हता. तिथे नाव कुणी फारसं विचारत नाही, 'कोनाचा?' एवढंच विचारतात. रांधणारा लखम्याचा, चावीवाला जान्याचा, संपलं. त्रास व्हायचा तो कागदाला, कारण कागदावर बापाचं नाव लिहायचं म्हटलं की कारकुनांच्या बोटांना मुंग्या येतात.

ही गोष्ट जान्याच्या बारक्याची. माणूस दाराच्या चौकटीएवढा, आवाज मात्र इतका लहान की शाळा सुटल्याचं पोरांना त्याच्या तोंडून कधी कळलं नाही, घंटेवरूनच कळायचं. हा बारक्या सहावी पास होता. सातवीचं पूर्ण वर्ष वर्गात बसून सहावी पास. ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

दोन्ही बारक्या एकाच वर्गात होते. सातवीत दिवाळीनंतर लखम्याचा बारक्या शाळा सोडून घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला गेला. गुरुजींनी हजेरीपट काढला, वरचा बारक्या दिसला तो लाल शाईने कापला आणि पान मिटलं. कापला तो जान्याचा. त्यानंतर रोज सकाळी 'बारक्या वरठा' असा पुकारा व्हायचा, जान्याचा बारक्या इमानाने 'हजर' म्हणायचा आणि ती हजेरी लखम्याच्या बारक्याच्या खात्यात जमा व्हायची. पेपर याने लिहिले, पास तो झाला. दाखल्यावर 'बारक्या लखमा वरठा' असं वळणदार अक्षरात आलं. जान्या शाळेत जाऊन भांडला, तर गुरुजी म्हणाले, "नाव बारक्याच आहे ना? मग घ्या की!" जान्या भडकला. पोराला दुसऱ्याचा बाप लावून पुढे शिकवायला तो काही तयार नव्हता. त्याने बारक्याला हाताला धरून घरी नेलं. पावसाळ्यात लखम्याचा बारक्या घोलवडहून पिशवीभर चिकू घेऊन परत आला, तेव्हा घरबसल्या सातवी पास झालेला होता. पुढे त्याच दाखल्यावर त्याला शाळेत स्वयंपाक्याचं काम मिळालं.

जान्याचा बारक्या त्याच शाळेत दहा वर्षांनी शिपाई म्हणून लागला. दोघेही रोजंदारीवर. तो लखम्याच्या बारक्याशी कधी भांडला नाही. फक्त त्याच्या डाळीत मीठ कमी आहे, असं तो रोज जेवताना न चुकता म्हणायचा.

२०१४ साली मुंबईच्या कुठल्याशा मंडळाने शाळेला कॉम्प्युटर दिले. म्हणजे कॉम्प्युटर एकच, कपाटाच्या कोपऱ्यात घरघरणारा, आणि त्याला वायरींनी जोडलेले अकरा पडदे नि कळफलक. दहा पडदे खोलीत पोरांसाठी, अकरावा मोठ्या सरांच्या ऑफिसात. कुठल्याही पडद्यावर काहीही करा, खरं काम त्या कोपऱ्यातल्या एकट्या यंत्रालाच करावं लागायचं. आत लिनक्स भरलेलं. ते जोडून द्यायला आणि शिक्षकांना शिकवायला नरपडचा तुषार आला होता. वाडीवाल्याचा मुलगा, इंजिनिअर झालेला, चिकूपेक्षा वायरींत जास्त रमणारा. पहिल्या दिवशी शिकायला सात शिक्षक बसले, दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी उरला एकटा बारक्या, कारण खोलीची चावी त्याच्याकडे होती आणि कुलूप लावल्याशिवाय त्याला घरी जाता येत नव्हतं.

"तूच शीक मग, काका," तुषार म्हणाला. "एकदम सिंपल आहे."

सिंपल काही नव्हतं. पण तुषारने काळा पडदा उघडला, एक शब्द टाकला आणि खालपर्यंत यादी पसरली, तेव्हा बारक्या खुर्ची ओढून पुढे सरकला. यंत्रात त्या घडीला जे जे काही चालू होतं, त्याची ती यादी होती. प्रत्येक ओळीत कामाचं नाव, त्याचा नंबर, ते कुणाच्या नावाने चालू आहे आणि यंत्राचा किती दम खातं आहे, सगळं लिहिलेलं.

"एकाच नावाचे इतके?" बारक्याने विचारलं.

"दहा पोरांनी तोच प्रोग्राम उघडला तर दहा ओळी येणार. नाव एक, नंबर वेगळा. एखादं अडकलं तर बंद करायचं. किल म्हणायचं आणि पुढे नंबर. आधी साधं किल, म्हणजे 'बाबा, आवरून घे' असं सांगणं. नाहीच ऐकलं तर मध्ये उणे नऊ टाकायचं. मग सांगणं-बिंगणं नाही, थेट बाहेर."

"आनी नाव टाकला तर?"

"त्याची वेगळी कमांड आहे. त्या नावाचे सगळेच्या सगळे मरतात."

बारक्याला आयुष्यात पहिल्यांदा असं शास्त्र भेटलं की जे त्याला आधीपासून येत होतं. नावाने कापायचं नाही. नंबर बघायचा, कोणाचा ते बघायचं, मगच हात लावायचा. हे कळायला त्याला पुस्तक लागलं नाही, सातवीचं वर्ष पुरलं.

वर्षभरात तो तयार झाला. इंग्रजी अक्षरं तो टिपून टिपून शिकला होता. शिक्षकांचा एकच रोग होता: पडद्याचं बटण दाबलं, काळोख झाला, की काम बंद झालं असं समजायचं. टीव्हीचीच सवय ती. पण मागे कोपऱ्यातल्या यंत्रात त्यांचं अर्धवट पत्रक, चित्राचा प्रोग्राम, गाण्याची फाइल असं सगळं रात्रंदिवस चालूच असायचं. आठवडाभराने यंत्र बैलासारखं बसकण मारायचं, मग 'सरकारी वस्तू अशाच' म्हणून शिक्षक नाक मुरडायचे, वस्तू मुंबईच्या मंडळाची असली तरी. बारक्या रोज शाळा सुटल्यावर यादी काढायचा आणि ज्याच्या पडद्यासमोर माणूस नाही त्याचं काम नंबराने बंद करायचा. शेवटी तुषारने त्याच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. यंत्र सुरू झालं की तो आपसूक उठायचा, दिवसभर मागे गप बसून राहायचा आणि संध्याकाळी सहाला रिकाम्या खुर्च्यांची कामं आवरायचा. तो बारक्याच्या खात्यातून चालायचा, दुसऱ्यांची कामं बंद करायची मुभा तुषारने त्या खात्याला दिली होती, त्यामुळे यादीत त्याच्या ओळीला नाव होतं बारक्या.

एकाच खात्याला त्या प्रोग्रामने हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. मोठ्या सरांच्या. "माझी महत्त्वाची कामं चालू असतात," असं सरांनी तुषारला बजावलं होतं.

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. रोजच्या परिपाठाला वेळेचं महत्त्व सांगणारा माणूस. ते सांगता सांगता पहिला तास संपायचा. आणि त्यांचं महत्त्वाचं काम म्हणजे शेती. खरी नव्हे. खरी शेती खिडकीबाहेर होती, चहूबाजूंनी, भात आणि नाचणीची, आणि तिच्याकडे सरांनी बावीस वर्षांत पाठच फिरवली होती. ही शेती इंटरनेटवरच्या खेळातली. त्यात चौकोनी वावरं, हसणारी गाय, लाल पवनचक्की आणि सरांची लाडकी स्ट्रॉबेरी. पेरायची, पाणी द्यायचं, ठरल्या वेळी तोडायची, नाहीतर पीक वाळून जायचं. सरांच्या स्ट्रॉबेरीची तोडणी आठवड्यातून तीनदा गणिताच्या तासाला पडायची. दारात कुणी आलं की सर पडद्याचं बटण दाबायचे आणि चष्मा कपाळावर घ्यायचे. बारक्याला हे सगळं ठाऊक होतं. चहा तोच न्यायचा ना.

२०१६चा जुलै. बारक्याची मुलगी सुकी त्याच शाळेतून दहावी पास झाली होती. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. पोरीने हे ठरवलं ते चौथीत, पाड्यावर खांब आला आणि वायरमनने खांबावर चढून दिवा लावला त्या दिवशी. आयटीआयचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. तिचा जातीचा दाखला उशिरा हातात आला, त्यामुळे ती थेट शेवटच्या तारखेला अर्ज भरायला बसली. पाच वाजता अर्ज बंद होणार होते. तिच्यासोबत आणखी सातजणी होत्या, सगळ्यांचं तेच रडगाणं. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, इंटरनेट फक्त शाळेच्या फोनच्या तारेवर, तलासरीला जायची दुपारची गाडी निघून गेलेली. म्हणजे जे काही व्हायचं ते याच खोलीत. सुकीचं वर्ष त्या आठ पानी अर्जावर होतं, आणि बापाला नीट माहीत होतं की एकदा वर्ष हुकलं की पोरीच्या हातात टेस्टर-पकड येत नाही, लग्नाचा चुडा येतो.

साडेतीनपर्यंत पाच पानं भरून झाली. मग सगळं अडकलं. आठही पडद्यांवर पांढरं गोल चक्र फिरत राहिलं. दोन मिनिटं, पाच मिनिटं. कोपऱ्यातलं यंत्र इतकं तापलं की त्याचा पंखा भातगिरणीसारखा ओरडायला लागला. नवशी नावाच्या पोरीने देव आठवायला घेतले.

बारक्या काळ्या पडद्यासमोर बसला. यादी काढली. वरची ओळ बघितली. सगळा दम एकच ब्राउझर खात होता. मालक: मोठेसर.

तेवढ्यात कारकून आले. रवींद्र भाऊसाहेब. आवाज ऐकून आले होते. त्यांनी बारक्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं, ओळ वाचली आणि पटकन दारापाशी जाऊन व्हरांडा बघून आले.

"सर काय करतायत?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"झोपलेत. पडदा बंद करून झोपलेत."

स्ट्रॉबेरी मात्र जागी होती. सरांनी खेळ तसाच सोडून बटण दाबलं होतं आणि तो खेळ मागे एकटाच नांगरत बसला होता. भाऊसाहेबांनी खुर्ची ओढली.

"हे बघ बारक्या. सरांचं काम नंबर टाकून बंद केलं तर उद्या विचारतील, माझंच कसं बंद झालं? त्यापेक्षा नावाने मारू. ब्राउझर म्हणायचं, सगळे ब्राउझर बंद. सरांचा गेला, पोरींचा गेला. यंत्रच अडकलं म्हणून सांगायचं. कुणाचं नाव नाही, कुणाला राग नाही."

"आनी पोरींचा फारम?"

"पुन्हा भरतील."

बारक्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेचार झाले होते. पाच पानं भरायला दीड तास गेला होता. भाऊसाहेबांनी कळफलक ओढून ती कमांड टाकलीसुद्धा होती, फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी. त्यांचं बोट खाली यायला लागलं आणि बारक्याने त्यांचं मनगट धरलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्याने भाऊसाहेबांच्या फाइलीलासुद्धा न विचारता हात लावला नव्हता. आता तो मनगट धरून बसला होता आणि त्याला भीती वाटत होती ती वाटतच होती.

"नावानी नाय कापायचा, भाऊसाहेब," तो म्हणाला. "मी असाच कापला गेलेला आहे. मला माहीत आहे."

त्याने ओळ पुसली. किल टाकलं, सरांच्या ब्राउझरचा नंबर टाकला. मान म्हणून आधी साधंच. बाबा, आवरून घे. काही झालं नाही. स्ट्रॉबेरी बधली नाही. बारक्याने पुन्हा यादी बघितली, नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचला, मालकाचं नाव दुसऱ्यांदा वाचलं. मग मध्ये उणे नऊ घातलं आणि बटण दाबलं.

यंत्राचा पंखा हळू झाला. सुकीच्या पडद्यावरचं चक्र थांबलं आणि सहावं पान उघडलं. पोरी ओरडल्या. ओरडण्याने सर जागे झाले, पडद्याचं बटण दाबून बघतात तर शेत गायब. गाय नाही, पवनचक्की नाही, आणि तोडणीची वेळ साडेचारची. ते तणतणत खोलीत आले.

"माझं काम कुणी बंद केलं?"

भाऊसाहेबांना अचानक कपाटातली फाइल दिसली. ते फाइल शोधायला गेले ते परत आलेच नाहीत.

"मी, सर," बारक्या म्हणाला.

"तुला माहीत आहे ते काय होतं?"

बारक्याला माहीत होतं. आठ पोरींनाही माहीत होतं, कारण त्या माना खाली घालून हसू दाबत होत्या. पण बारक्या एवढंच म्हणाला, "तुमचा पडदा बंद होता सर, काम बंद नव्हता." सरांचा चेहरा पिकल्या स्ट्रॉबेरीसारखा झाला. ते वळून ऑफिसात गेले. सुकीचा अर्ज आठजणींत सगळ्यांत शेवटी, चार पन्नासला गेला, आणि तिने पोचपावतीचा कागद छापून बापाच्या हातात दिला. बारक्याने तो उलटा-सुलटा करून बघितला. वरती लिहिलं होतं, सुकी बारक्या वरठा. बापाचं नाव बरोबर होतं.

रोजंदारीवाल्यांची यादी दरवर्षी जुलैअखेर नव्याने निघायची. सरांनी भाऊसाहेबांना बोलावून सांगितलं की यंदा बारक्याचं नाव नको. भाऊसाहेबांनी गेल्या वर्षीची यादी उघडली, बारक्या वरठा दिसला, कापला आणि सही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी लखम्याचा बारक्या मुदपाकखान्याच्या पायरीवर बसून रडत होता. यादीत त्याचं नाव नव्हतं. तीनशे पोरं ताटं घेऊन रांगेत उभी होती आणि चूल पेटली नव्हती.

जान्याचा बारक्या ते बघत उभा राहिला. हा लखम्याचा बारक्या, ज्याने त्याची सातवी खाल्ली होती. खरं सांगायचं तर क्षणभर त्याला बरं वाटलं. यादीत राहिलेला बारक्या तो स्वतः होता, आणि गप्प बसला असता तर राहिलाही असता. मग त्याला आठवलं की लाल रेघ ओढली गेली तेव्हा लखम्याच्या बारक्यालाही कुणी विचारलं नव्हतं. त्याने तरी कुठे मागितला होता तो दाखला. तो घोलवडला झाडावर होता.

बारक्या ऑफिसात गेला. सर आणि भाऊसाहेब दोघेही होते.

"चुकीचा बारक्या कापलात, सर," तो म्हणाला. "तो चार नंबरचा, लखम्याचा. तुम्हाला सात नंबरचा पायजे. जान्याचा. मी."

भाऊसाहेबांनी यादी बघितली आणि कपाळावर हात मारला. सर खिडकीबाहेर बघत होते, बहुधा पहिल्यांदाच, बाहेर भाताची लावणी चालू होती. ते म्हणतील की राहू दे, दोघेही राहा, असं भाऊसाहेबांना वाटलं. सर म्हणाले, "मग दुरुस्त करा."

बारक्याने चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. जाताना तो मुदपाकखान्यात गेला. लखम्याच्या बारक्याने त्याला डाळ वाढली. मीठ बरोबर होतं, पण जान्याचा बारक्या म्हणाला की कमी आहे.

पुढे तुषारने त्याला एक जुनं यंत्र दिलं. उधव्याच्या बाजारात शिंप्याच्या दुकानाला लागून एक टेबल टाकून बारक्या लोकांचे अर्ज भरायला लागला. समोर माणूस आला की आधी विचारायचा, कोनाचा? मग आधारचा नंबर. नाव सगळ्यात शेवटी. त्याच्या टेबलावरून चुकीच्या नावाचा कागद गेल्याचं कुणाला माहीत नाही.

२०१९च्या जूनमध्ये वीज पडून शाळेचा मीटरचा बोर्ड जळाला. ठेकेदाराने दुरुस्तीला सुकीला पाठवलं. आता ती पास झालेली इलेक्ट्रिशियन होती, पाठीवर हत्यारांची पिशवी. मोठे सर निवृत्त झाले होते, भाऊसाहेब होते तिथेच होते. तिने बोर्ड बसवला, लाइन चालू केली, तसं कोपऱ्यातलं जुनं यंत्र घरघरत उठलं. भाऊसाहेब म्हणाले, एकदा बघतेस का, सगळं नीट चाललंय ना? तिने काळा पडदा उघडून यादी काढली.

वरून नववी ओळ. दम जवळजवळ काहीच खात नाही, गप बसलेली. मालक: बारक्या.

"अजून आहे हा?" भाऊसाहेब वाकून म्हणाले. "याचं नाव तर मी तीन वर्षांपूर्वीच काढलं होतं." आणि कळफलकाकडे हात नेत ते म्हणाले, "थांब, बंद करून टाकतो."

"नका करू," सुकी म्हणाली. "रोज सहाला तुमचे पडदे तोच आवरतोय. तीन वर्षं यंत्र कुनामुळे चालला, तुम्हाला काय वाटला?"

भाऊसाहेबांनी हात मागे घेतला.

बाजार उठताना सुकी बापाच्या टेबलापाशी आली आणि तिने हे सगळं सांगितलं. बारक्या कागद लावत होता, लावतच राहिला. एक गठ्ठा बांधून झाला, दुसरा बांधायला घेतला, मग थांबला.

"नाव कोनाचा होता?" त्याने विचारलं.

"तुमचा, बाबा. यादीत बारक्या तुम्ही एकटेच."

"मंजे आता हजेरी माझ्याच नावावर लागते," बारक्या म्हणाला, आणि डोळे पुसायला त्याला त्या दोन गठ्ठ्यांपैकी कुठलाच कागद चालेना, तेव्हा त्याने शिंप्याकडून एक चिंधी मागून घेतली.